मान मोडणाऱ्याचा खांदा

तुमच्या खांद्याचं पातं एका बाजूनं पाठीतून बाहेर निघून आलं असेल, हात छातीच्या वर जात नसेल आणि घरातलं कुणी रोज तेल लावून ते चोळत असेल, तर आधी त्याला थांबवा. मग हे वाचा. वाचायला वेळ नसला तरी चालेल, पण चोळणं थांबवा आणि नसांच्या डॉक्टरकडं जा. मी अडीच महिने घालवले, म्हणून सांगतोय.

धंदा

मी आमगावचा. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर आमचं कटिंगचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर मी, दुसरीवर माझा धाकटा भाऊ देवा. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. कात्री धरायला त्याला मीच शिकवलं, आणि मान मोडायलाही मीच.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. दाढी-कटिंग झाली की चंपी, आणि चंपी झाली की एक हात हनुवटीला, दुसरा कानामागं, आणि झटका. कट्ट आवाज होतो. मग दुसऱ्या बाजूनं. धानाची पोती उचलणारे, दिवसभर ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी झालेले, वह्या तपासून मान धरलेले मास्तर, सगळे त्या आवाजासाठी यायचे. कटिंग तर कुठंही होते. पण आमगावात माझ्यासारखी मान कुणी काढत नाही असं लोक म्हणायचे, आणि मला त्याचा लय माज होता. खोटं कायले बोलू.

मानेतून कोणत्या नसा निघतात, कुठं जातात, हे मला माहीत नव्हतं. आवाज आला की काम झालं, एवढंच माहीत होतं.

पोळ्यानंतरची सकाळ

श्रावणात आमच्याकडं अर्धं गाव केसाला कात्री लावत नाही. महिनाभर आम्ही दोघं भाऊ माशा मारत बसतो. पोळा झाला, श्रावण संपला, की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच रांग लागलेली असते. महिनाभराचे वाढलेले केस सगळे एकाच दिवशी आमच्या दारात येतात. त्या दिवशी न्हाव्यानं मरायचंसुद्धा नसतं, असं वडील म्हणायचे.

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी मला ताप आला. साधा ताप, चार दिवसांत उतरला. पोळ्याच्या दुपारी मात्र उजव्या खांद्यात कळ उठली. दाढदुखी मी सोसली आहे, मुतखडाही सोसला आहे. ही त्या दोघांची आई होती. हात खाली ठेवला तरी दुखे, उशाशी घेतला तरी दुखे. माझ्या बायकोनं, ललितानं, शेक दिला, बाम चोळला, शेवटी नुसती शेजारी बसून राहिली.

सकाळी शटर अर्धं वर करून मी देवाला म्हटलं, "मान काढून दे. नस चढली वाटते."

तो म्हणाला, "दादा, आताच तापातून उठला तू. राहू दे ना आज. गोळी घे."

"बाहेर लोक उभे आहेत. मोड."

त्यानं हलक्या हातानं झटका दिला. आवाज आला नाही.

"जोर लाव ना बे. मेल्यावानी काऊन करून राहिला?"

"मले भेव लागून राहिला, दादा."

"मी शिकवलो तुले. मी सांगून राहिलो. मोड."

मग त्यानं मोडली. कट्ट झालं, दोन्ही बाजूंनी. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मी बाकड्यावर पालथा पडलो आणि त्याला पात्यावर गुडघा रोवून हात मागं ओढायला लावला. तोंड वाकडं करून का होईना, त्यानं तेही केलं. अंगठ्यापर्यंत वीज गेली. मी ओठ चावून म्हटलं, हां, बसली आता.

हे मी इथं आधीच लिहून टाकतोय. कारण पुढचं जवळजवळ वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नाही.

दुखणं गेलं

गोळ्या खाऊन तो दिवस मी काढला. पुढं आठ-नऊ दिवस ती कळ राहिली आणि एका सकाळी उठलो तर नाही. खरंच नाही. मी मारुतीला नारळ फोडला. दुकानात येईल त्याला सांगितलं, चढलेली नस बसली, थोडी उशिरा बसली पण बसली. देवा लाजून हसायचा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, डाव्या हातानं.

त्याच दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कंगवा न्यायला गेलो आणि हात छातीपर्यंत येऊन थांबला. दुखलं नाही. काही अडकलंही नाही. हात वर जाईच ना. मी पुन्हा नेला, पुन्हा तिथंच. गिऱ्हाईक आरशातून पाहत होतं, म्हणून मी खाली वाकून, कोपर पोटाशी धरून कशीबशी कटिंग उरकली. मागून पायऱ्या पडल्या केसांच्या. तो बिचारा पूर्ण पैसे देऊन गेला.

नंतर नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दुखणं गेलं म्हणजे नस बरी झाली असं नसतं. बोंबलणारा माणूस कधी कधी दमून गप्प होतो, तसंही असतं. आम्ही भैताड नारळ फोडून बसलो होतो.

आरसा

पाठ आधी ललितानं पाहिली. अंघोळीला पाणी देताना म्हणाली, "आयकता का, तुमची पाठ अशी काऊन दिसून राहिली?"

"कशी?"

"हे हाड बाहेर निघून राहिला. बोटं जातील याच्या खाली."

मी दुकानात गेलो, शर्ट काढला आणि मोठ्या आरशासमोर उभा राहिलो. देवानं मागून हातातला आरसा धरला. गिऱ्हाइकाला मागची कटिंग दाखवतो तसा. हजारो लोकांना मी त्यांच्या डोक्याची मागची बाजू दाखवली असेल, पण स्वतःची पाठ पहिल्यांदाच पाहत होतो. उजवं पातं फासळ्यांवरून सुटून उभं राहिलं होतं, बिजागरी निघालेल्या दारासारखं. हात पुढं करून आरशाच्या कडेला ढकललं तर ते आणखी बाहेर आलं. देवानं हातातला आरसा खाली घेतला. मी म्हटलं, वर धर. त्यानं तो खुर्चीवर पालथा ठेवला.

एका डॉक्टरनं पाहून सांगितलं, खांदा आखडलाय, हात फिरवत राहा. मग तेल सुरू झालं. देवा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धा तास माझं पातं चोळायचा. पश्चात्तापानं चोळायचा हे मला कळत होतं. मी चोळून घेत होतो. केशोरीकडचा एक गिऱ्हाईक म्हणाला, बिब्ब्याचा डाग द्या, आमच्या मामाचा खांदा त्यानंच बरा झाला. ललितानं त्याला दारातूनच वाटेला लावलं. पात्याखालचं मांस दिवसेंदिवस उतरत होतं. माझी खुर्ची मी देवाला दिली आणि गल्ल्यावर बसायला लागलो. गल्ल्यावर बसलेल्या न्हाव्याला काय काम असतं ते त्याचं त्यालाच माहीत.

त्या दिवसांत मला एकच भीती होती. हात गेला तर मी कोण. शेती नाही, शिक्षण नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला एकच गोष्ट येते, आणि ती करायला उजवा हात वर जावा लागतो.

सुई

दिवाळीनंतर देवा मला नागपूरला घेऊन गेला. मोठा दवाखाना. नंबराची चिठ्ठी घ्यायची, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायचं, बाकावर सरकत राहायचं. समोरच्या बाकावर एक म्हातारी पाय सोडून बसली होती. ती मला म्हणाली, "कायचं आहे गा?" मी म्हटलं, खांद्याचं. ती म्हणाली, "मंग चांगलं आहे. चालता तर येते." तिच्या बोलण्यानं मला उगीच तासभर बरं वाटलं.

मॅडम पन्नाशीच्या होत्या. त्यांनी शर्ट काढायला लावला, भिंत ढकलायला लावली आणि पाठीमागं उभ्या राहून फक्त "अच्छा" म्हणाल्या. मग माझ्याच फासळ्यांवर बोट फिरवून समजावलं. मानेतून एक लांब, बारीक नस निघते. बगलेच्या मागून फासळ्यांवरून खाली उतरते. वाटेत तिला फारसा आडोसा नाही. ती एका स्नायूला हुकूम देते, आणि तो स्नायू पात्याला फासळ्यांशी बांधून ठेवतो. पातं बांधलेलं असलं तरच हात वर जातो. नस गप्प झाली की पातं सुटतं.

"हे कधी सुरू झालं? ताप आला होता?"

"हो."

"ओझं उचललं? मार लागला? कुणी मान, हात जोरानं ओढला? हिसका?"

देवा माझ्या शेजारी स्टुलावर बसला होता. त्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोललो.

"नाही मॅडम. थोडं तेल लावलं होतं."

त्यांनी लिहून घेतलं. देवानं माझ्याकडं पाहिलं आणि मग फरशीकडं. मी स्वतःला सांगितलं, मी त्याला वाचवतोय. चोराच्या मनात चांदणं. खरं म्हणजे मान मोडण्यात ज्याचा आमगावात हात धरणारा कुणी नाही, त्यानं स्वतःचीच मोडून घेतली, हे एका शिकलेल्या बाईसमोर बोलायची मला लाज वाटत होती.

मग सुईची तपासणी झाली. बगलेखाली फासळ्यांवर सुई खुपसतात, आणि मशीनमधून त्या स्नायूचा आवाज ऐकू येतो. निरोगी स्नायू पडून असला की गप्प असतो आणि जोर लावला की गरजतो. माझा उलटा होता. मी निपचित पडलो असताना मशीन टिकटिक करत राहिली. मॅडम म्हणाल्या, ढकला. मी जीव खाऊन त्यांच्या हाताला ढकललं. आवाजात काही फरक पडला नाही. "ढकलताय ना?" त्यांनी विचारलं. मला रडू आलं, देवासमोर.

सुई काढून त्या म्हणाल्या, "वाट पाहू. सहसा या नसा हळूहळू परत येतात. फार हळू वाढतात, दिवसाला तांदळाच्या कणीएवढ्यासुद्धा नाहीत. दुखणं सुरू होऊन वर्ष होत आलं की पुन्हा सुई घालू. तेव्हाही काही नसेल तर छातीचा स्नायू पात्याला बांधायचं ऑपरेशन आहे." आणि मग त्या देवाकडं वळल्या. "चोळणं आजपासून बंद."

देवा गेला

बाजारातली गोष्ट किती दिवस झाकून राहणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शटरखालून कुणीतरी पाहिलं होतंच. एका गुरुवारी आठवडी बाजारात एका बाईनं ललिताला विचारलं, धाकट्यानं मान मोडली तेव्हापासून झालं म्हणे ना? ललिता भाजीची पिशवी घेऊन तशीच दुकानात आली. देवा एका पोराची कटिंग करत होता.

"भाऊजी, तुमी यायची मान मोडली होती?"

देवा म्हणाला, "हव वहिनी."

"तापातून उठलेल्या माणसाची? अक्कल कुठं ठेवली होती? तुमच्या हातानं माझं घर बसलं, आणि तुमी रोज माझ्याच घरी जेवून राहिले."

देवानं माझ्याकडं पाहिलं. मी गल्ल्यावर होतो, तीन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी ड्रॉवर उघडला आणि त्यात काहीतरी शोधायला लागलो. ड्रॉवरमध्ये ब्लेडच्या पाकिटांशिवाय काही नव्हतं.

का बोललो नाही, याचं मी कितीतरी महिने स्वतःला वेगवेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर हे की तोपर्यंत माझा शर्ट ललिता घालून देत होती, पाठ ती घासत होती, भात कालवून देत होती. तिनं पाठ फिरवली असती तर माझं काय झालं असतं, याची मला भीती वाटली. भावाला माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि मला त्यापेक्षा माझा हात जास्त वाटला. लिहायला वाईट वाटतं, पण असंच आहे.

देवानं त्या पोराची कटिंग पुरी केली, कपडा झटकला, आपली कात्री आणि वस्तरा एका रुमालात बांधला. चार दिवसांनी कळलं, गोंदियात रेल्वे स्टेशनच्या बाजूला एका सलूनमध्ये दुसऱ्याच्या खुर्चीवर लागलाय. फोन केला तर उचलायचा. "बरा आहे, दादा," म्हणायचा, "हात कसा आहे?" विचारायचा आणि ठेवायचा. दुकानाला मी कुलूप लावलं.

तळहात

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. माझी मुंगी तर लंगडी होती.

गोंदियाच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी ललिताला एक गोष्ट शिकवली. माझ्या मागं उभं राहून तळहातानं पातं फासळ्यांवर दाबून धरायचं आणि मग मला हात उचलायला सांगायचं. ललितानं दाबलं, आणि माझा हात खांद्याच्या वर गेला. कानापर्यंत नाही, पण गेला. तिनं तळहात काढला, हात खाली आला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही.

एकदा शेजारचे भाऊराव दुकानाच्या कुलुपाशी उभे राहून म्हणाले, मले दुसऱ्याकडं नाही जायचं, तूच दाढी कर. मी कुलूप उघडलं. ललिता माझ्या मागं उभी राहिली, पातं दाबून. मी साबण लावला, वस्तरा उचलला. भाऊराव आरशातून आम्हा दोघांना पाहून म्हणाले, "पोरी, हात सोडू नको. माझा गळा आहे." ललिता हसायला लागली, माझं पातं हललं, आणि मी वस्तरा बाजूला ठेवून दिला. दाढी अर्ध्या तासात झाली. एक ओरखडा पडला नाही. पण बायकोला पाठीवर बांधून कुणाचा धंदा होतो का.

तिचा तो तळहात रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या पाठीवर असायचा. आणि रोज ती देवाला शिव्या द्यायची. मोठ्यानं नाही, सवयीनं, मोजणी करताना. "आठ, नऊ, दहा. हात लुळा करून ठेवला माणसाचा. अकरा." मी पाठमोरा असायचो. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, तेवढं बरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी गप्प बसायचो, असं मी मनाला सांगायचो. पण दात माझे होते आणि ओठ देवाचे.

उन्हाळा गेला. हातात काही फरक आहे की नाही, मला कळेना. कधी वाटायचं वर जातोय, कधी वाटायचं मी मान वाकडी करून स्वतःला फसवतोय. ललिता म्हणायची, जाऊन राहिला ना वर. तिला तसं म्हणणं भागच होतं.

दुसरी सुई

आषाढात पुन्हा नागपूर. या वेळी ललिता सोबत. गाडीच्या खिडकीतून सगळीकडं धानाचा रोवणा चाललेला दिसत होता, गुडघाभर पाण्यात बाया ओणव्या. कुणाचे हात रिकामे नव्हते. मी खिडकीतून तोंड वळवलं.

मॅडमनी जुने कागद पाहिले, भिंत ढकलायला लावली, हात उचलायला लावला. चेहरा वाचता येईना. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आज ठरवायचंय. सुईत थोडं काही दिसलं तर थांबायचं की ऑपरेशन करायचं, हे नस कशानं गेली त्यावरही आहे. तापानंतरची सूज असेल तर मी आणखी थांबेन. नस ताणली गेली असेल, तुटली असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. म्हणून पुन्हा विचारते. हिसका बसला होता?"

ललिता माझ्या शेजारी. माझा उजवा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला होता, बसमध्ये, गाडीत घ्यायची तसा.  खरं सांगितलं तर हिला कळेल. नाही सांगितलं तर चुकीचा इलाज होईल आणि हात जाईल. एवढा सरळ हिशोब, तरी मी तो दोनदा केला. मॅडम घड्याळाकडं पाहायला लागल्या.

"बसला होता," मी म्हणालो. "मान मोडून घेतली. पात्यावर गुडघा ठेवून हात मागं ओढून घेतला."

"कुणाकडून?"

"भावाकडून. तो नाही म्हणत होता. दोनदा नाही म्हणाला. मी त्याला शिव्या देऊन करायला लावलं."

ललितानं माझा हात मांडीवरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. अलगद ठेवला. मला तिनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"  मग मी विचारलं, "त्याच्यामुळंच झालं का हे?"

"सांगता येत नाही. तापानंतर कुणी बोट न लावताही असं होतं, तुमची कळ तर आधीच सुरू झाली होती. सुजलेल्या नसेला हिसका दिल्यानं वाढलं असेल. नसेलही वाढलं. आता कुणीच सांगू शकत नाही."

मग सुई. त्याच जागी, बगलेखाली. मी डोळे मिटले. मशीन लावली. पडून असताना टिकटिक होती, पण थोडी. मॅडम म्हणाल्या, "ढकला." मी ढकललं.

खर्र झालं.

तुटक, विरळ, रेडिओ नीट न लागल्यासारखं. मी ढकलणं थांबवलं, ते थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा झालं. मॅडमनी सुई थोडी सरकवली. "पुन्हा. आणखी. सोडा. ढकला." प्रत्येक वेळी झालं. त्या पडद्याकडं पाहतच म्हणाल्या, "येतेय. नस तुटलेली नाही. ऑपरेशन नको. पूर्ण येईल का, ते आज सांगत नाही, पण येतेय."

मी उशीत तोंड घालून रडलो. ललिता कोपऱ्यात उभी होती. ती जवळ आली नाही.

गोंदिया

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मी एकदा म्हटलं, पाणी घे. तिनं घेतलं. एकदा म्हटलं, आयक ना. तिनं ऐकलं नाही. तिरोड्याच्या पुढं एवढंच म्हणाली, "इतके महिने माझ्याकडून शिव्या देववल्या तुमी." आणि पुन्हा बाहेर पाहायला लागली.

गोंदियाला गाडी बदलून आमगावची धरायची असते. ती प्लॅटफॉर्मवर थांबली नाही. पूल चढून बाहेर निघाली. मी मागं. तिनं एका पानवाल्याला विचारलं, सलून कुठं आहे भैया, आमगाववाला लडका काम करता है वहाँ. त्यानं बोट दाखवलं.

दुपार होती. चार खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसे. देवा शेवटच्या खुर्चीवर एका जाड्या माणसाच्या गालाला साबण लावत होता. बारीक झाला होता. आरशात आम्ही दिसलो तेव्हा त्याचा ब्रश थांबला.

ललिता दारातच उभी राहिली. "भाऊजी, मी तुमाले नाही नाही ते बोलली. मले माईत नव्हता."

"बसा वहिनी," त्यानं स्टूल सरकवलं. मग माझ्याकडं पाहिलं. "हात?"

मी उचलला. कुणी पातं दाबलेलं नव्हतं. कानाच्या थोडा खाली जाऊन थांबला. "सुईत आवाज आला," मी म्हटलं. "येऊन राहिली म्हणते मॅडम."

त्यानं मान हलवली. 

मी म्हटलं, "देवा, आज डॉक्टरले सांगतलो. हिच्यासमोर सगळा सांगतलो."

"डॉक्टरले सांगतला. वहिनीले सांगतला." त्यानं ब्रश वाटीत ठेवला. "मले काऊन नाही सांगतला?"

"तुले तर माईत होता बे. तूच तर होता तिथं."

"माईत होता," देवा म्हणाला. "तुज्या तोंडून आयकाचा होता, दादा."

दुकानाचा मालक काउंटरवरून पाहत होता, जाडा माणूस आरशातून. मी म्हणालो, "तू नाही म्हणून राहिला होता. मी तुज्यावर ओरडलो. ते माझ्या सांगण्यानं झालं. अन मंग मी गप्प बसलो, तू घर सोडून गेला तरी. तुजी काही चूक नव्हती."

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.  जाड्या माणसाच्या गालावरचा साबण वाळत आला होता. देवानं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

"थांबा दोघंही," तो म्हणाला. "एवढी दाढी होऊ द्या, मंग निघू."